शेळीवालं गाणं

दसरा झाला की धारूरच्या स्टँडमागं
माझ्या टपरीपुढं रांग लागायची.
पाटी होती: कार्ड भरून मिळेल.
ट्रॅक्टरवर संसार चढवून झालेला,
बैल पुढं गेलेले,
आणि शेवटचं काम राहिलेलं,
सहा महिन्यांची गाणी.

कुणी म्हणायचं, बशीर, भीमगीतं भर,
जागा उरली तर लग्नातली.
कुणी, कव्वाली टाक, पण पहाटेची,
झोप उडंल अशी.
निवृत्ती मुकादम खालच्या आवाजात,
‘त्या हिरव्या साडीवालीचं.’
कोणती, मी विचारायचो नाही.
सगळ्या हिरव्या साड्या मला पाठ होत्या.

आणि एकाचं आवडतं दुसऱ्याच्या कार्डात
मी गुपचूप सरकवायचो,
मापाबाहेरचं,
भाजीवाला वरून कोथिंबीर टाकतो तसं.

त्या साली बिभीषण तिडके
फुटक्या काचेचा फोन घेऊन आला.
सगळं काढून ठेव म्हणला, पुसू नको.
काढता काढता एक व्हिडिओ
‘नवीन’ नावाच्या फोल्डरात पडला.
चुकून. का मुद्दाम, आता आठवत नाही.

हळदीचा मांडव. चेहरा कुणाचाच नाही.
निम्म्या चित्रावर बिभीषणचा अंगठा,
उरलेल्यात एक पिवळा हात,
आणि आवाज:
नवरीला सासरी नेताना
वाटेतली गावं एकेक घेत चाललेला.
घाट उतरला, ओढा ओलांडला,
आणि ऐन जागी खोकला.
मागून शेळी.
मग पुन्हा सूर,
सुटला होता त्याच्या जरा पुढून.

संक्रांतीला फोन सुरू झाले,
कऱ्हाडकडच्या फडावरून, कर्नाटकातल्या कारखान्यावरून:
‘बशीरभाई, ते शेळीवालं आणखी हाय का?’
कोपीकोपीत वाजायलंय म्हणे.
लेकरं त्या जागी बरोब्बर खोकतात,
एक जण शेळी होतो.
मराठीचा गंध नसलेला एक कानडी ड्रायव्हर
रिंगटोन लावून बसलाय,
नुसत्या खोकल्याची.

पाडव्याला ती स्वतः आली, सोजरबाई.
चपला बाहेर काढल्या,
टपरीला उंबरा नसताना.
‘खोकलेली ती मी.’
मला वाटलं, आता शिव्या.
‘माझं माहेर राहिलं रे त्यात.
घाट उतरला की आवळदरा येतो.
तिथंच ठसका लागला.
सगळी गावं आली, तेवढंच गेलं.
तेवढं बसव.’

म्हणलं, मावशे,
पाण्यात पडलेलं मीठ मागायलीस.

पण शटर अर्धं ओढलं. पंखा बंद केला.
तिनं एका दमात म्हणलं,
आवळदऱ्यापाशी जराशी थांबली,
बाई माहेरच्या दारात पिशवी खाली ठेवते
तेवढीच.
स्वच्छ. ना ठसका, ना शेळी.

मी सगळ्यांना पाठवलं.
कुणाचा नुसता अंगठा आला.
‘चांगलंय. पण शेळी कुठाय?’
‘जुनंच बरं.’
निवृत्ती मुकादमानं तर लिहिलं,
ही बाई नकली वाटती.

तिला सांगितलं नाही.
बाजारात भेटली की विचारते, ऐकायलेत का?
ऐकायलेत, म्हणतो,
आणि कांद्याचा भाव विचारतो.

आता कार्डं कोण भरतं.
पाटीवरचा भ उडालाय,
कार्ड रून मिळेल, एवढंच उरलंय,
आणि तरी कुणी कुणी रून मागायला येतं, चेष्टेनं.

परवा काळीपिवळीनं तेलगावला चाललो होतो,
पुढं चार, मागं मोजले नाहीत.
ड्रायव्हर पोरगा नवा.
त्यानं लावलं. तेच. जुनं.
घाट उतरला.
खोकला आला तसे सगळे खोकले,
हसत, सवयीनं,
आणि त्या खोकल्याखाली मी म्हणलो,
आवळदरा.
वाटलं होतं, मनात.

करकचून ब्रेक लागला.
फाट्यावर गाडी थांबली.
‘कोण हाय आवळदरा? उतरा.’

गाण्यात शेळी ओरडली.
सगळे माझ्याकडं बघायले.