उणे वीस

सड्यावरच्या आमच्या इमारतीत एक खोली आहे,
तिथं मे महिन्यातही तोंडातून वाफ निघते.
बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर
बंदराचा लाल धुरळा बसतो, काजूची बोंडं सडतात,
आणि आत नंबर घातलेल्या नळ्यांत
दक्षिणेचा बर्फ आडवा निजलेला.
राखण माझ्याकडे.
म्हणजे, खरं तर, जनरेटरची.

एक हिवाळा मी तिकडे काढलाय.
डिझेलचा माणूस म्हणून नेलं होतं.
शास्त्र मला कळत नाही,
इंजिनाचा ठोका चुकला तर झोपेतही कळतं.
दोन महिने सूर्य आलाच नाही.
बायण्याचा कायतान रांधायला होता;
घमेल्यानं बर्फ आणून वितळवायचा,
त्यातच आमचं पिणं, न्हाणं, सोलकढी.
ऑगस्टात सोलं संपली.
मग कायतान रिकामी बरणी उघडून हुंगायचा
आणि पाळीपाळीनं आम्हाला द्यायचा.
तिथं कशालाच वास नसतो
हे आधी कुणी बोललं नव्हतं.
थंडीचं सगळेच सांगतात.

परतताना, मुरगावचा दिवा दिसायच्या आधी
वारा फिरला आणि नाकात चिखल आला,
खाजणातला, कुजका, आपला.
कायतान कठड्याला धरून शिव्या देत रडला.
मी तेवढं केलं नाही.
शिंकलो.

धाकटीनं विचारलं, काय आणलंस?
तिथून काही आणायचं नसतं, म्हटलं, खडासुद्धा नाही.
तिला पटलं नाही.
आता तिचं लग्न झालंय, तरी पटलेलं नाही.

परवा कापताना उरलेला एक कपचा
आमोणकर बाईंनी माझ्या तळहातावर ठेवला.
कानाशी धरा, शाबाजी.
टक्. टक्. चिर्र.
आतली हवा सुटत होती म्हणे,
या किनाऱ्याला नाव ठेवायला
कुणी नव्हतं तेव्हाची.
मी हुंगली.
कायतानच्या बरणीत शेवटी शेवटी जे होतं, तेच.
बाई बघत नव्हत्या, म्हणून पुन्हा हुंगली.

काल रात्री तीनला वीज गेली.
लुंगीतच धावलो, एका पायात चप्पल.
यंत्र दोनदा खोकलं, मग ठोका लागला.
तरी लगेच घरी गेलो नाही.
आजाऱ्याच्या खोलीबाहेर उभं राहतात
तसा त्या जाड दाराला कान लावून उभा राहिलो.
काही ऐकू आलं नाही.
आकडा पाहिला:
उणे वीस.
पाय भाजल्यासारखा गार पडला होता, तो उघडा.