तहकूब सभा

लेंडीकाठच्या आमच्या गावात वाचनालय आहे, ड वर्गातलं.
अनुदान दोन हप्त्यांत येतं, दुसरा हप्ता बहुधा वाट चुकतो.
दोन टेबलं, एक पंखा,
मुखेडच्या एसटीनं साडेबाराला उतरणारं वर्तमानपत्र
आणि तलाठी भरतीची नऊ पोरं.
मी ग्रंथपाल. म्हणजे कुलूपही मीच, झाडूही मीच.

भिंतीपलीकडं पंचायतीचं सभागृह.
भिंत एकेरी विटांची,
त्यामुळं लोकशाही आम्हाला स्पष्ट ऐकू येते.

त्या दिवशी इकडं ओंकार इबितवार मोठ्यानं घोकत होता :
ग्रामसभेची गणपूर्ती,
मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर,
यांपैकी जी संख्या कमी असेल ती. पर्याय क.
तिकडं ग्रामसेवक मोजत होते :
अकरा, बारा, चहावाल्याला धरून तेरा.

नऊही पोरांना उत्तर येत होतं.
एकालाही उठून सव्वीस पावलं चालायचं सुचलं नाही.
मलाही नाही.
मी वर्गणीच्या पावत्या फाडत होतो.

गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही,
हाही प्रश्न असतो, एका गुणाचा.
आठवड्यानं तीच तेरा माणसं, तोच चहा,
आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज.

धुरपताबाई गजभारे रोज दुपारी येते.
घागर दाराशी उपडी घालून, हात पदराला पुसून
वर्तमानपत्रावर बोट ठेवते.
अक्षर लावून वाचते, ओठ हलवत, आवाज काढत.
पोरं वैतागतात. आजी, हळू वाचा की.
हळूच वाचायले बाबा, ती म्हणते,
मला पळत वाचता येत न्हाई.

परवा शिपायानं इतिवृत्ताची वही आणून टाकली माझ्यापुढं.
कणा उसवला होता. पुस्तकं मी शिवतो, हे गावाला ठाऊक आहे.
मी दाभण शोधत होतो, तेवढ्यात तिनं वही ओढली.
तिला काय, किराण्याची पुडीसुद्धा ती सरळ करून वाचते.

ठ-रा-व क्र-मां-क चार.
बुद्धनगरातली नळयोजना पूर्ण.
पाणी पुरेसं. तक्रार नाही.
सर्वानुमते मंजूर.

बोट थांबलं. दाराशी घागर होती.
मग बोट खाली उतरलं, हजर माणसांच्या नावांवरून,
एकेक नाव उंबऱ्यासारखं ओलांडत,
आणि स्वतःच्या नावापाशी आलं.
नावासमोर निळा आंगठा.

पंखा फिरत होता. कुणी काही घोकत नव्हतं.

म्या तर सही करते, ती म्हणाली.
रातच्या वर्गात सही शिकले, त्या दिशी
घरी येऊन आंगठा राखेनं घासला होता.
ह्यो कुणाचा?
ओंकारकडं वळली. तू तलाठी होणार न्हवं? सांग की.
ओंकारनं खाली पाहिलं,
खाली पर्याय नव्हते.

पान फाडावं, असं मला वाटून गेलं. रागानं,
की भीतीनं, अजून नक्की सांगता येत नाही.
तिनं वही माझ्या हातात दिली.
चांगली शिव, म्हणाली. ह्ये पान गळू देऊ नको.
जवापतोर सभा हाय, तवापतोर टिकलं पायजे.

मी शिवली. दुहेरी दोरा, वरून मेण.
त्या पानाशी एक टाका जास्तीचा.

एक मेला झेंडावंदनानंतर सभा होती.
मी वाचनालयाला कुलूप लावलं. आत तसंही कुणी नव्हतं.
ग्रामसेवक मोजायला उभे राहिले,
भराभर गेले, एकेचाळीसवर अडखळले,
दाराकडं बघून पुन्हा पहिल्यापासून लागले.

मागच्या रांगेतून आवाज आला :
हळू मोजा.