धड

"बिनडोक्याची घ्या," ती म्हणाली,
आणि तेजपालशेठनं माझ्याकडं पाहिलं.
मुलीचं आडनाव डोईफोडे.
नूतन डोईफोडे, गाव अंबड, वय फार तर चोवीस.
जालन्याच्या एमआयडीसीत, पत्र्याखाली, कूलरच्या घरघरीत
कुणीच हसलं नाही,
म्हणजे सगळे आतून हसले.

मी इथं सव्वीस वर्षं पिशवीवरची अक्षरं तपासतो.
वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती,
कालावधी, दोन ओळींतलं अंतर.
बियाणं बोलत नाही. पिशवी बोलते.
पिशवी चुकली की बियाणं खोटं पडतं.

गेल्या साली तसंच झालं. तुरीचा एकच वाण:
पिशवीवर एकशे साठ दिवस,
वेबसाइटवर एकशे पंचाहत्तर,
डीलर लोकांच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कार्डात एकशे पन्नास.
मंठ्याकडून एका बाईचा फोन आला.
भांडली नाही. एवढंच म्हणाली,
"तुमच्यातल्या कोणाचं ऐकू ते सांगा,
म्हंजे कापणीला माणसं त्या हिशेबानं सांगते."

म्हणून ही बैठक. टेबलावर तीन कोटेशनं,
वर पेपरवेट म्हणून मक्याचं कणीस.
पहिलं पुण्याचं: तयार साचा, हसरा शेतकरी, मागं हिरवंगार,
सगळं एकमेकाला शिवलेलं.
एक टाका उसवायचा तरी पुण्याला फोन.
दुसरी बिनडोक्याची, पण भाडं डॉलरात,
लिहिणारा एक माणूस वाढला की भाडं वाढलं.
तिसरीही तशीच, आणि फुकट.
"फुकट म्हंजे म्हैस फुकट," नूतन म्हणाली.
"वैरण, धार, डॉक्टर आपल्याकडं."

शेठ म्हणाले, "डोकंच नाही तर गिऱ्हाईक बघंल काय?"
"तोंडं मी लावते ना, काका.
एक वेबसाइटचं, एक पिशवीवरच्या कोडचं,
एक डीलरच्या मोबाईलचं,
उद्या आदिलाबादला माल गेला तर एक तेलुगूतलं.
तोंडं बदलत राहतील. धड एकच."

मी मागच्या कपाटाकडं पाहिलं.
अंतिम, अंतिम-दोन, खरंच-अंतिम,
शेठनी-बघितलेलं-अंतिम.
एक ना धड.

मग तिनं मला खुर्चीत बसवलं.
पडद्यावर नुसत्या चौकटी. ना रंग, ना फोटो, ना हसरा माणूस.
वाण. दिवस. अंतर. उगवण.
माझ्या पहिल्या रजिस्टरासारखं, ज्यात शाई फुटायची.
"आणि लिहिलेलं दिसायचं कुठं?"
"इथं नाही दिसणार."
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
मी लिहिणार आणि त्याचं तोंड बघणार नव्हतो.
हे मला आवडलं नाही. अजूनही फारसं आवडत नाही.

शेठनी विचारलं, "मग कोणती?"
मी एकच विचारलं:
जूनमधे, रात्री अकराला, लॉट नापास झाल्याचं कळलं,
तर आकडा कोण बदलंल?
पुण्यात त्या वेळी कुणी फोन उचलत नाही.
डॉलरवाल्याकडं दिवस उजाडलेला असतो,
पण त्याला तूर कशाशी खातात माहीत नाही.
नूतन म्हणाली, "तुम्ही बदलाल."

म्हैस घरी आली.
पहिल्या आठवड्यात दोनदा आटली, नूतननं रात्रभर बसून उठवली.
तिसऱ्या आठवड्यात मी चौकटीत १६० लिहिलं, सेव्ह दाबलं,
आणि ती एकेक पडदा माझ्यासमोर धरत गेली.
एकशे साठ. एकशे साठ. एकशे साठ.

राहिली ती वाटूर फाट्यावरची भिंत.
पिवळ्यावर निळी अक्षरं, आमचीच जाहिरात:
फक्त १५० दिवसांत.
"भिंतीला एपीआय नसतो, काका."
शनिवारी ऑइलपेंटचा डबा घेऊन मीच एसटीत बसलो.
पाचाचा सहा करणं वाटतं तितकं सोपं नाही,
पोट खरवडावं लागतं.
चहावाला बराच वेळ बघत होता.
"आता हे खरं का?"
मी म्हणालो, वाळू दे.