हयातीचा दाखला

कुंभारीण आमच्या मोरीतल्या गळक्या नळाखालून
माती उचलते.
सकाळी सात ते साडेदहा, बावीस फेऱ्या.
कंपनी गुजरातला गेल्यापासून मला मोजायला वेळ असतो.
मसुराएवढी गोळी जबड्यात धरून
ती दारामागे जाते,
तिथं अप्पांची चावी उभी आहे:
खारेगावच्या अर्ध्या गल्ल्यांना पाणी सोडणारी,
छातीएवढी, लोखंडी,
आडवी मूठ पोकळ पाइपाची.

एकतीस वर्षं अप्पा महापालिकेचे चावीवाले.
पहाटे साडेचारला झाकण उचलायचं,
तेरा फेरे डावीकडे, तासाभरानं तेरा उजवीकडे.
आता पलंग.
उजवं अंग गेलं, वाचा गेली,
एक शब्द तेवढा उरला.

चिखल थापताना ती गुणगुणते.
आई सांगायची, ती अळी आणून कोंडते,
कानाशी गुणगुणत राहते,
आणि ध्यान लागून लागून अळीचीच कुंभारीण होते.
भोक पाडून बाहेर येते ती कुंभारीणच,
हे मीही पाहिलंय.
आत नेलेलं कुणी मात्र
परत आलेलं पाहिलं नाही.

परवा स्क्रू ड्रायव्हरनं एक बूच फोडलं.
पेपरावर अकरा कोळी पडले.
बरेचसे हिरवट, पोटातलं दिसेल असे,
आणि एक पट्ट्यांचा,
जो मागच्या आठवड्यापर्यंत आमच्या खिडकीत
माशांवर झेप घ्यायचा. ओळखीचा.
मेले नव्हते.
फुंकर घातली की एखादा पाय
जरासा उघडून मिटायचा.
मेलेला कोळी दोन दिवसांत वाळतो,
म्हणून ती मारत नाही.
नांगी एकदाच, नेमकी.
मग नीट रचून ठेवते,
त्यातल्या एकाच्या पोटावर अंडं.

मृण्मयीनं (नववी, तिमाही फी अकरा हजार चारशे)
इअरबडनं त्यांना पाणी पाजून पाहिलं.
"बाबा, यांना कळत असेल का?"
सहामाही आहे ना तुझी, म्हटलं, जा.

आज बँकेचे मढवी आले.
दर नोव्हेंबरला येतात, यंत्र घेऊन.
अंगठा लागेना.
रेषा चावीनं कधीच खाल्ल्यात.
"डोळ्यावर घेऊ. काका, इकडं बघा."
मी दोन बोटांनी पापणी वर धरली,
अगदी हलक्या हातानं.
यंत्र टुंय वाजलं.
मेसेज माझ्या मोबाइलवर आला.
चहा न घेताच मढवी उठले,
अजून नऊ घरं करायची होती.

अप्पांचा डोळा उघडाच राहिला,
माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी.
"बंद," ते म्हणाले.
हाच तो शब्द.
"बंद. बंद."

मोरीत नळ टपकत होता.
अख्ख्या नोकरीत त्यांनी थेंब वाया जाऊ दिला नाही,
तेव्हा नळाचंच म्हणत असणार.
दुसरं काय.
पाना घेतला, वायसर बदलला,
पिळून पिळून घट्ट केला.
तेव्हाही ते म्हणतच होते.

सकाळी सातला ती आली.
कोरड्या लादीवर चालली,
मिशांनी फटी चाचपल्या,
खिडकीतून गेली,
आणि गुरवांच्या कुंडीतली ओली माती घेऊन
परत दारामागे.

मुठीच्या दुसऱ्या टोकाला
अजून जागा आहे.