मारलं

पडदा काळा. त्यावर पांढरी अक्षरं: सत्यघटनेवर आधारित.
मग कोर्ट उघडतं,
एवढं उंच, एवढं उजेडाचं
की मला हसूच आलं.
आमच्या बेळगावच्या खोलीत पंख्याला दोनच पाती होती,
तिसरं शिपायानं कपाटावर जपून ठेवलेलं.

वकील फेऱ्या मारतो, टेबलावर मूठ आपटतो.
न्यायाधीश मराठी बोलतात. सगळेच मराठी बोलतात,
थेट, तिसऱ्या कुणाच्या तोंडातून न जाता.
मी माझी खुर्ची शोधत राहतो,
कठड्याच्या डाव्या अंगाला, एक पाय आखूड,
खाली जुन्या समन्सची घडी.
तिथं सिनेमावाल्यांनी पितळेची कुंडी ठेवलीय.

साक्षीदार क्रमांक चार, गोदाक्का मगदूम,
निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणारी.
पडद्यावर तिची नखं गुलाबी.
खरी गोदाक्का कठड्यात आली
ती तंबाखूचा अख्खा बोद अंगावर घेऊनच.
सरकारी वकील शिंकले, स्टेनो शिंकला, साहेबही शिंकले.
ती तेवढी नाही.

"काट्याजवळचं वजन उचललं त्येनं,
आन् मारलं त्येला."

टाइपरायटर थांबला.
साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं: "हं, मुंदे?"

मराठीत एकच शब्द.
उगारलेला हात आणि गेलेला जीव, दोन्ही एकाच पिशवीत.
कन्नडात पिशव्या दोन.
होडेद म्हणजे हाणलं.
कोंद म्हणजे ठार केलं.
मधल्या अंतरात एका माणसाचा जन्म मावतो.

मी तिला परत विचारू शकलो असतो.
आक्का, मारलं म्हंजे काय, एवढंच.
पाच वाजत आले होते. तिला निपाणीची बस गाठायची होती, मलाही.
आणि मी शपथ घेतलेली,
ऐकीन तेच सांगीन, कमी नाही, जास्त नाही.

"कोंद," मी म्हटलं.
खाड खाड. उमटलं.

व्हरांड्यात तिनं पदराची गाठ सोडून
मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.
"मी म्हटल्यागतच सांगितलास न्हवं, बाबा?"
"व्हय," मी म्हटलं.

रायगोंडा तेरदाळे हिंडलग्याला गेला.
चौदा वर्षांनी सुटला, अक्कोळ रोडला पंक्चर काढायला बसला.
माझी सायकल त्यानं एकदा पाण्याच्या घमेल्यात फिरवली,
बुडबुडा सापडेपर्यंत मान वर केली नाही.
पैसे घेतले नाहीत.
ओळखलं म्हणून, की नाही ओळखलं म्हणून,
ते मला अजून ठरवता येत नाही.

सिनेमात तो देखणा आहे. पाऊणशे माणसं त्याच्यासाठी रडली.
गोदाक्काची नटी "मारलं" म्हणते
आणि सनई का काय ते वाजू लागतं,
साहेब डोळे मिटतात, त्यांना लगेच कळतं.

मध्यंतरात पोस्टरवर वाचलं,
हाच सिनेमा शेजारच्या पडद्यावर कन्नडमध्ये, पावणेचारला.
तिकीट काढलं. पोरगी म्हणाली, अज्जा, आत्ताच बघितलासा की.
म्हटलं, एक शब्द ऐकायचा राहिलाय.

दीड तास तीच कुंडी, तीच मूठ.
वजन उचललं गेलं. मी पुढं वाकलो,
समोरच्या खुर्चीची पाठ धरली.
नटीचे ओठ मिटले, उघडले,
मराठीतल्या "मा"साठी मिटले होते ते,
आणि आवाज आला: "मुगिसिद."

संपवलं.
होडेद नाही, कोंद नाही.
कुठल्या तरी काचेच्या खोलीत कानाला डबे लावून बसलेल्या पोरीनं
ओठ जुळावेत म्हणून निवडलेला.
तिलाही वेळ नसणार. तिचीही बस असणार.

नावं वर सरकत गेली. प्रकाश, केशभूषा, घोडे
(घोडे कुठं होते, आठवेना).
मी शेवटपर्यंत वाचत बसलो.

केरसुणी घेतलेला पोरगा माझ्या पायाशी येऊन थांबला.
"मुगीतु, अज्जा."

"व्हय," मी म्हटलं,
आणि पाय वर घेतले, त्याला झाडता यावं म्हणून.