टेबलाचे पाय

पंधरा टेबलं, साठ पाय.
आज रविवार, कारखाना बंद,
वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून
मी फरशीवर उताणा पडलोय.
पत्र्याच्या कडा इथून नीट दिसतात.
पोटं टेकून टेकून चकाकी आलीये,
प्रत्येक टेबलाला एकाच जागी.
हे दोरिंदाचं. हे बाल्बिनाचं.
ते कोपऱ्यातलं, नळाजवळचं,
एकोणतीस वर्षं आईचं.

ब्याऐंशी सेंटिमीटर.
कुणी ठरवली ही उंची?
मालक म्हणाले, आजोबांना ठाऊक.
आजोबा तसबिरीत आहेत, मिशीतल्या मिशीत हसतात.
जुने नकाशे काढले, बिलं काढली,
कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं.
बहुधा लोहाराकडे तेवढाच पाइप उरला होता.

पहाटे पाचला बोटी लागतात आरौसाच्या खाडीत.
तारल्या येतात बर्फासकट.
कात्रीनं डोकं, मग आतडं, मग शेपूट,
मग डब्यात निजवायच्या, रुपेरी पाठ वर,
एका डब्यात सहा.
पाळीत किती डबे, ते आईनं कधी मोजलं नाही.
ती मोजायची रात्री, जेवणाआधी, बोटं.
दहाच्या दहा आहेत ना,
कारण दोन-तीन तिला लागायचीच नाहीत.

अंग मोडून काम करते, म्हणायचे तिच्याबद्दल.
ती मान खाली घालून हसायची.
मान तशीही खालीच असायची.
त्या कौतुकाचा सरळ अर्थ
आमच्या घरात फार उशिरा कळला.

मार्चमध्ये व्हीगोहून साबेला आली,
गळ्यात मोजपट्टी.
बायकांना वाटलं, नवे गणवेश शिवणार.
पहिला आठवडा ती काही बोललीच नाही,
नुसती उभी राहून बघत होती.
मग एकेकीचं कोपर मोजलं, जमिनीपासून.
पंधरा कोपरं, अकरा वेगळ्या उंचीची.
आकडे वहीत उतरताना बायका एकमेकींकडे चोरून बघत होत्या,
जणू कुणी त्यांची वजनं मोठ्यानं वाचतंय.

कोपराच्या चार बोटं खाली टेबल, ती म्हणाली.
कात्री स्प्रिंगची, आपोआप उघडणारी.
रिकामे डबे हाताशी, खांद्यामागे नकोत.
आणि तासातासाला अदलाबदल,
कापणारीनं भरायचं, भरणारीनं कापायचं.
यावर दोरिंदा उसळली.
माझी कात्री मी कुणाला देणार नाही.
(तिच्याइतकं भरभर कुणी कापत नाही,
डाव्या खांद्यात इंजेक्शनं घेऊन का होईना.)
तो वाद अजून मिटलेला नाही.

दुखायला लागलं की त्याच दिवशी सांगा,
साबेला जाता जाता म्हणाली.
बाल्बिना म्हणाली, पोरी,
दुखायला लागलं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं.
सगळ्या हसल्या.
साबेलानं सालही विचारून लिहून घेतलं.

काल तीच मोजपट्टी मी घरी नेली.
आई मोरीपाशी उभी, फडकं पिळत,
म्हणजे मनगटानं नाही,
नळाभोवती गुंडाळून, अंगाच्या भारानं ओढत.
म्हटलं, हलू नकोस.
आता कशाला, ती म्हणाली, पण हलली नाही.
कोपर ते फरशी: नव्वद.
मी पुन्हा मोजलं.
माझ्या लहानपणी ती दाराच्या वरच्या कडीला
टाचा न उचलता पोहोचायची.
नव्वद, वजा चार बोटं.
ब्याऐंशी.

टेबल तिला आता अगदी बरोबर झालं होतं.

मी पट्टी गुंडाळली. तिनं विचारलं, किती भरलं?
म्हटलं, ठीक आहे.

चष्मा खाली. ठिणग्या.
प्रत्येक पायाला आता आटे पाडलेला स्क्रू आहे,
फिरवला की वर, फिरवला की खाली,
पाळी बदलली की उंची बदला.
सकाळपासून सदतीस पाय झाले.
कोपऱ्यातलं टेबल मी शेवटी ठेवलंय.
त्याच्याशी उद्यापासून एकोणीस वर्षांची उशिया उभी राहणार,
उंच पोरगी, कोपर एकशे सहा.