तीन तारा

फोन तिगडींचा. बाळाप्पा तिगडी, भट्टी नंबर दोन, रात्रपाळी.
"मॅडम, निंत बिट्टैति." मग जरा थांबून, "थांबलंय की हो."
उद्यमबागेत पोचले तेव्हा पडद्यावरचं घड्याळ
दोन चाळीसवर उभं,
भिंतीवरचं साडेतीनला पाच कमी.
पडद्यावर भट्टी अजून चौदाशे दहा.
खरं तापमान हवं तर तिगडींना विचारायचं.
ते निळी काच धरून आत बघतात,
"तीस-चाळीस उतरलंय," म्हणतात, जसं कुणी पोराच्या कपाळाला हात लावून सांगावं.

चौथी रात्र ही.
माऊस हलत नाही, कीबोर्ड मुका,
दुरून लॉगिन मागावं तर ओ नाही.
बंद-चालू केलं की शहाण्यासारखं उठतं.
लॉगमध्ये दोन एकोणचाळीसपर्यंत सगळं क्षेम,
पुढे कोरं.
अडकलेल्याला आपलं अडकणं लिहायला
डिस्कच मिळत नाही.

म्हणून केबल.
कॅम्पातल्या रोझारिओ अंकलनी शिकवलेली,
रेडिओच्या दुकानात, सोल्डरच्या धुरात डोळे चोळत:
याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं याच्या.
सरळ जोडलीस तर दोघं एकाच तारेवर बोलतील
आणि दुसरीला कान लावून बसतील, जन्मभर.
तिसरी तार जमिनीची.
ती दोघांना एकच लागते.
(मी बेळगावची. या वाक्यावर काय काय बोलता येईल
मला ठाऊक आहे. बोलत नाही. भट्टी निवते आहे.)

पहिल्यांदा कचरा आला.
चौकटी, उलटी प्रश्नचिन्हं, फुटलेल्या काकणांसारखी अक्षरं.
तिगडी म्हणाले, "ही कुठली भाषा?"
कुठलीच नाही. तो एक लाख पंधरा हजार दोनशेनं बोलतोय,
मी नऊ हजार सहाशेनं ऐकतेय.
आकडा बदलला
आणि ओळी आल्या, सरसर, पांढऱ्या,
मेमरी, डिस्क, घड्याळ, पंखा,
उठताना माणूस एकेक सांधा मोजतो तशा.

पाचव्या रात्री आधीच जाऊन बसले.
तिगडींनी डबा उघडला: कडक भाकरी, शेंगाचटणी.
दोन चाळीस.
पडदा गोठला. केबल गप्प.
दोन एकेचाळीस. केबल गप्प.
मग एक ओळ, घाई नसलेली:
तापमान लिहिणारं काम एकशेवीस सेकंदांहून जास्त अडकलंय.

ब्रेक पाठवला.
ब्रेक म्हणजे अक्षर नव्हे, तार नुसती दाबून धरायची
थोडा वेळ, झोपेतल्याच्या खांद्यावर हात ठेवावा तशी.
मग एक अक्षर: सगळ्यांची नावं सांग,
कोण कुठे उभं आहे सांग.
त्यानं सांगितलं. पडद्यावर मेलेला तो
मागच्या दारानं बोलत राहिला चार मिनिटं.
बॅकअपच्या हातात डिस्कचं कुलूप, त्याला हवं सेन्सरचं.
तापमानाच्या हातात सेन्सरचं, त्याला हवं डिस्कचं.
दोघंही नेमाचे. दोघांचंही काही चुकलेलं नाही.

"येनंत?" तिगडींनी विचारलं.
माझं कन्नड बाजारापुरतं. तरी म्हटलं,
"इब्रू निंतार. ओब्बर दारि ओब्रू नोडाकत्तार."
"हां," ते म्हणाले, "वाट बघायलेत एकमेकाची."
वाट तिकडेही बघायचीच असते, हे मला
अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची. कुणीही येवो,
आधी सेन्सरचं कुलूप, मग डिस्कचं. हाच क्रम, नेहमी.
"एवढंच?" तिगडी जरा हिरमुसले.
केबल काढायला गेले तर म्हणाले, राहू दे की.
खिळ्याला अडकवली, डब्याच्या पिशवीशेजारी.

परवा रात्री दोन त्रेचाळीसला फोन किणकिणला.
फोटो: काळा पडदा, कोपऱ्यात कर्सर,
खाली तिगडींचे दोन शब्द, कन्नडात.
येनू इल्ला. काही नाही.
मी दिवा न लावता
बराच वेळ तो फोटो बघत बसले.